मनी प्लांट, माशांची टाकी आणि पानांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंड्याला राहत्या घरात तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी टाकी. पाणी घरच्या विहिरीचे. गप्पी, निऑन टेट्रा आणि चार कोरीडोरस मिळून पंचवीसेक मासे. दर पंधरा दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी बदलतात, तरी नायट्रेट (माशांच्या मळातून पाण्यात साचणारे द्रव्य) लिटरला ८० मिलिग्रॅमच्या खाली येत नाही. मनी प्लांटच्या दोन फांद्या टाकीच्या मागे लावून दीड महिना झाला. आकडा हलला नाही, उलट पाने पिवळी पडू लागली. अशा झाडांचा खरोखर उपयोग होतो का? आणि त्यांचा चीक माशांना बाधतो का?

उपयोग होतो. दोन फांद्यांनी मात्र होत नाही, आणि का होत नाही हे साध्या गणिताने दाखवता येते. ते आधी करू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

तुमची टाकी कागदावर १०६ लिटरची. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी भरते ८५ लिटरच्या आसपास. आता खाद्य. चिमटीने टाकलेले खाद्य कुणी मोजत नाही. म्हणून खाद्याचा डबा महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, फरकाला ३० ने भागा. इतक्या माशांना दिवसाला अर्धा ग्रॅम जात असेल असे धरून चालू. डब्यावर प्रथिने ४० टक्के लिहिलेली असतील तर अर्ध्या ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम प्रथिने, आणि प्रथिनांचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन, म्हणजे ३२ मिलिग्रॅम. त्यातला पाव ते एक तृतीयांश माशांच्या अंगी लागतो. उरलेला अमोनिया होऊन पाण्यात येतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रोजनचा आकडा ४.४३ ने गुणला की नायट्रेटचा आकडा मिळतो. २३ मिलिग्रॅमचे झाले साधारण १०० मिलिग्रॅम नायट्रेट. ८५ लिटरमध्ये वाटले तर रोज लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या किंचित वर.

पंधरवड्यात ही वाढ सोळा-सतरा होते. तुम्ही काढता मात्र पाचवाच हिस्सा. अशा वेळी आकडा चढत चढत अशा जागी थांबतो, जिथे पाचव्या हिश्शाबरोबर पंधरवड्याची पूर्ण वाढ बाहेर जाते. १६ चे पाचपट ८०. म्हणजे तुमची टाकी बिघडलेली नाही, ती अगदी हिशेबाने वागते आहे.

आता झाडाची बाजू. मनी प्लांटच्या ताज्या वाढीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. कोरड्या भागात नायट्रोजन तीन टक्के धरा. एक मध्यम पान, त्याचा देठ आणि पेराचा तुकडा मिळून सात ग्रॅम भरतो असे मानले, तर त्यात सुमारे २१ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे ९३ मिलिग्रॅम नायट्रेट अडकलेले असते. ढोबळ हिशेब झाला तरी लक्षात ठेवायला सोपा: तुमच्या टाकीपुरते बोलायचे तर एक नवीन पान म्हणजे जेमतेम एका दिवसाचे खाद्य. मंद उजेडातल्या दोन फांद्या महिन्याला दोन पाने काढत असतील, तर महिन्याच्या तीस दिवसांतले दोन दिवस त्यांनी सांभाळले. चाचणीच्या नळीत ते दिसणार तरी कसे?

झाड नायट्रेट गाळत नाही, ते वाढते आणि वाढण्यापुरते उचलते. वाढ थांबली की उचल थांबली. मुळे कितीही लांब लोंबत असली तरी नवीन पान येत नसेल तर ती फक्त शोभा.

आधी पाणी तपासा, मग झाड

टाकीच्या आधी विहिरीचे पाणी तपासा. फोंड्याच्या बाजूला विहीर आणि कुळागर (सुपारीची बाग) शेजारी शेजारी असतात. सुपारीच्या मुळाशी घातलेले शेण आणि खत, गोठा, शौचालयाचा शोषखड्डा यांतले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत विहिरीत येऊ शकते. विहिरीतच २५-३० असेल तर पाणी बदलून टाकी त्याच्या खाली कधीच जाणार नाही, आणि ते काम पूर्ण झाडांवरच येईल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विहिरीत त्याहून जास्त निघाले तर माशांचा प्रश्न नंतर, घरातल्या तान्ह्या मुलाचा आधी. चाचणी दोनदा करा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत. दोन्ही आकडे सारखे येतील असे धरू नका. नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी, मग ते ओपा, साळावली किंवा अस्नोडा यांपैकी कुठल्याही जलप्रकल्पाचे असो, क्लोरीन काढूनच ते टाकीत घालावे.

चाचणीची पद्धतही तपासून घ्या. द्रव किटमधल्या नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत घन भाग तळाला बसतो. ती बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची, थेंब घातल्यावर नळी पूर्ण एक मिनिट हलवायची, आणि पाच मिनिटांनी रंग बघायचा. यात आळस केला की ८० चे २० दिसतात, आणि लोक समजतात झाडाने कमाल केली. ४० आणि ८० चे लाल रंग डोळ्याला जवळजवळ सारखेच वाटतात. म्हणून एक भाग टाकीचे पाणी आणि तीन भाग डिस्टिल्ड पाणी एकत्र करून तपासा आणि येणारा आकडा चारने गुणा. काही किट नायट्रेट-नायट्रोजन मोजतात, तिथला १० म्हणजे नायट्रेटचे ४४. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय दोन किटांची तुलना करू नका. पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेटचा आकडाही खोटा चढतो, त्यामुळे नायट्राइट शून्य असल्याची खात्री आधी.

८० वरून खाली यायला झाडांची वाट बघायची नाही. विहिरीत ५ आहे असे धरू. दर तीन दिवसांनी ३० टक्के पाणी बदलले, तर ८० चे ५८, मग ४२, मग ३१, मग २३ होतात. चार वेळा, बारा दिवस. मधल्या दिवसांत पडणारी भर हे आकडे थोडे वर ढकलेल, इतकेच. एका दिवसात ऐंशी टक्के पाणी बदलण्याचा मोह टाळा. जुन्या टाकीचे पीएच (आम्लतेचा आकडा; जितका खाली तितके पाणी आम्लधर्मी) बरेच खाली गेलेले असते आणि अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात पडून असतो. २८ अंश तापमानाला पीएच ६ असताना त्यातला ०.०७ टक्केच भाग विषारी अमोनिया असतो, ७ ला तो ०.७ होतो आणि ८ ला साडेसहा टक्के. नवीन पाण्याने पीएच एकदम चढले की काल शांत असलेले मासे आज वर येऊन श्वास घेऊ लागतात.

पीएचचा गुंता, जो गोव्यात जास्त जाणवतो

जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, क्षारता (म्हणजे आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) कमी. टेट्रांना ते मानवते, जिवाणूंना नाही. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सात मिलिग्रॅमच्या थोडी वर क्षारता खर्च होते. तुमच्या टाकीत रोज २३ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो, म्हणजे लिटरमागे जवळपास दोन मिलिग्रॅम क्षारता रोज संपते. विहिरीच्या पाण्यात ती २५-३० च असेल तर पंधरवड्यात तळ दिसतो. मग पीएच घसरते, सहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि अमोनियम साचू लागते. गंमत अशी की झाड नायट्रेट उचलते तेव्हा खर्चातली साधारण निम्मी क्षारता पाण्याला परत मिळते, आणि अमोनियम थेट उचलले तर नायट्रेटपर्यंत गोष्ट जातच नाही. पण भरवसा त्यावर नको.

उपाय घरातच आहे. तिसऱ्यांची (शिंपल्यांची) कवचे. खाऊन झाल्यावर टाकून देतो तीच. मसाल्याचा अंश राहू नये म्हणून वेगळी उकळा, घासून धुवा, आठवडाभर उन्हात वाळवा, जाडसर फोडा. ५० ग्रॅम जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या प्रवाहात ठेवा. पाणी आम्लधर्मी असेल तितकीच ती विरघळतात, त्यामुळे मात्रा चुकली तरी फार बिघडत नाही. पंधरा दिवसांनी पीएच ६.५ ते ७ च्या दरम्यान स्थिर दिसले की झाले. नाही दिसले तर आणखी ५० ग्रॅम.

कोणते झाड

मनी प्लांटच. इतर झाडे वाईट नाहीत, पण हे मिळते सहज, पाण्यात मूळ धरते हमखास, आणि कुजत नाही. आपल्याकडे आंब्या-फणसाच्या खोडावर चढून सुपाएवढी पाने होणारा वेल तोच. खोडावरच्या त्या जाड वेलाची फांदी घेऊ नका, त्याला पाण्यात रुळायला वेळ लागतो. कुंडीतली किंवा जमिनीवर पसरलेली कोवळी फांदी बरी. शुद्ध हिरव्या पानांची जात पांढऱ्या ठिपक्यांच्या जातीपेक्षा लवकर वाढते. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, तो भाग कमवत नाही.

सिंगोनियम आणि हृदयाकार पानांचा फिलोडेंड्रॉन जवळपास तितकेच चांगले. ट्रेडेस्कॅन्शिया आणि कोलियस तर मनी प्लांटपेक्षाही वेगाने वाढतात, पण त्यांना उजेड जास्त लागतो आणि दर दोन आठवड्यांनी छाटले नाही तर तेच टाकीत लोळून कुजतात. पीस लिली संथ, पण मंद उजेडात तग धरते. स्पायडर प्लांटचा गड्डा पाण्याच्या वर आणि फक्त मुळे पाण्यात ठेवावीत. लकी बांबू दिसायला छान. नायट्रेटच्या कामाला तो जवळजवळ बिनकामाचा, कारण वाढतोच कासवाच्या गतीने. सर्पपर्णी (स्नेक प्लांट) आणि जाड गरवाली झाडे लावूच नका. अळू हा सगळ्यांत खादाड. टाकी बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) असेल आणि सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळत असेल तर अळूच्या एका कांद्याची बरोबरी मनी प्लांटच्या चार वेलांना होणार नाही. मात्र टाकीत कधी औषध घातले असेल तर ती अळूची पाने खायची नाहीत.

चिकाचा प्रश्न इथेच उरकून घेतो. मनी प्लांट अळूच्याच कुळातला. अळू घशाला खाजवते ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, म्हणून आपण त्यात चिंच किंवा सोलां (आमसुले) घालतो. मनी प्लांटमध्ये त्याच सुया आहेत. त्या पेशींच्या आत असतात, पाण्यात विरघळून पसरत नाहीत. लहान मासे मुळांवरचे शेवाळ टिपतात, मुळे चावत नाहीत, त्यामुळे तुमच्या माशांना भीती नाही. फांदी कापल्यावर टोक धुऊन तीन-चार तास सावलीत सुकू द्या, एवढे पुरे. गोल्डफिश, ऑस्कर, सिल्व्हर डॉलर यांची गोष्ट वेगळी. ते मुळे तोडून खातात, तेव्हा मुळे जाळीच्या टोपलीत हवीत. मांजर, कुत्रा किंवा रांगते मूल घरात असेल तर वेल खाली लोंबू देऊ नका.

किती फांद्या, कशा लावायच्या

लक्ष्य ठरवू. आठवड्याला २५ टक्के पाणी बदलायचे आणि रोजच्या नायट्रेटपैकी निम्मे झाडांनी उचलायचे. निम्मे म्हणजे दोन दिवसांत एक पान. बऱ्या उजेडात रुळलेला वेल दहा-बारा दिवसांत एक पान काढतो. म्हणून पाच-सहा वेल लागतील. आठ लावा, एखादा मरतोच. आठवड्याची वाढ आठ होती ती चारवर येईल, आणि चारचे चारपट १६, अधिक विहिरीतले ५. टाकी वीसच्या आसपास स्थिरावेल. झाडांशिवाय नुसत्या २५ टक्क्यांच्या बदलाने ती ३५-३७ वर राहिली असती. हाही आकडा गप्पी-टेट्रांना चालण्यासारखा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

प्रत्येक फांदीला तीन पेरे आणि दोन-तीन पाने हवीत. खालच्या पेराच्या एक सेंटिमीटर खाली धारदार सुरीने कापा, खालचे पान देठासकट काढा. पेरावर दिसणारा तपकिरी उंचवटा म्हणजे मुळाचा डोळा, तो पाण्यात बुडायलाच हवा. रोपवाटिकेतून कुंडी आणली असेल तर मुळे धुऊन तीच पाण्यात सोडायचा मोह होतो. मातीत वाढलेली मुळे पाण्यात कुजू शकतात आणि उलट अमोनिया वाढवतात. शिवाय कुंडीत पिवळ्या-हिरव्या गोळ्यांचे सावकाश सुटणारे खत असते; त्यातले चार दाणे टाकीत पडले तरी सगळे गणित उलटे. म्हणून ताजी फांदीच कापा. टाकीत कोळंबी असेल तर ती फांदी आधी दोन-तीन आठवडे बाटलीत ठेवा, कारण रोपांवर मारलेले इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक रसात भिनलेले असते आणि कोळंबीला त्याचा अंशही पुरतो. बाटलीतले पाणी दर तीन दिवसांनी ओतून टाकायचे. आठवडाभर तसेच ठेवले तर डेंग्यूच्या डासांची पैदास आपणच केली असे होते. टाकीत ही अडचण नाही, अळ्या गप्पींच्या पोटात जातात. मुळांसाठी मासे नसलेली वेगळी पेटी जोडत असाल तर मात्र पाणी सतत वाहते ठेवा किंवा वर बारीक जाळी लावा.

बसवण्यासाठी पाट्या करणाऱ्या दुकानातून सनबोर्डची उरलेली पट्टी आणा, ९० सेंटिमीटर लांब आणि सहा रुंद. त्यात अकरा-अकरा सेंटिमीटरवर दोन सेंटिमीटर व्यासाची आठ भोके पाडा. पट्टी मागच्या काचेला टेकवून कडेवर बसवा. प्रत्येक फांदीच्या देठाभोवती स्पंजची चकती गुंडाळून ती भोकात अशी अडकवा की खालचे पेर दोन-तीन सेंटिमीटर बुडेल आणि एकही पान पाण्याला लागणार नाही. बुडालेले पान आठवड्यात कुजते. बांधायला नायलॉनचा धागा घ्या. तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली तार आपल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यात विरघळते.

टाकीवर टॉप फिल्टरची पेटी असेल तर फांद्या तिथे लावणे आणखी सोपे, मुळांना वाहते पाणी मिळते. एक अडचण मात्र हमखास: तीन-चार महिन्यांत मुळे पंपापर्यंत पोचतात, पंख्यात गुंततात, आणि रात्री पंप बंद पडतो. पंप आणि मुळे यांच्यामध्ये जाड स्पंज उभा ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा हात घालून बघा. मुळे छाटायची तर एका वेळी एक तृतीयांशच, आणि कापलेले सगळे तुकडे बाहेर काढायचे.

उजेड: बहुतेक जण इथेच चुकतात

टाकीचा दिवा खाली पाण्यात पडतो, मनी प्लांटची पाने त्या दिव्याच्या वर असतात. म्हणजे पाण्यातली झाडे उजेडात आणि वरची अंधारात. चिऱ्याच्या जाड भिंती, खोल खिडक्या आणि पुढे उतरलेले छप्पर यांमुळे जुन्या घरांचे दिवाणखाने दुपारीही सावळे असतात. तुमची पाने पिवळी पडण्याचे पहिले कारण मला हेच वाटते. तपासायला सोपी युक्ती: दुपारी बारा वाजता पानांच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर एक वीत उंचीवर हात. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड उत्तम. नुसता धूसर डाग दिसला तर झाड जगेल, वाढणार नाही. काहीच दिसले नाही तर दिवा लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

९ ते १२ वॉटचे साधे पांढरे एलईडी बल्ब दोन, पानांपासून एक फूट वर, रोज दहा ते बारा तास. जांभळे महागडे दिवे नकोत. दिवे टायमरवर लावा. प्रकाश पाण्यात उतरून शेवाळ वाढेल असे वाटत असेल तर बल्बाला शेड लावून तो पानांवरच पाडा. पाने हवेत असल्यामुळे कार्बन डायऑक्साइडची त्यांना ददात नसते, आणि म्हणूनच ती पाण्याखालच्या झाडांपेक्षा कितीतरी वेगाने वाढू शकतात. कमी पडतो तो उजेडच.

जूनमध्ये मिरग लागला की खिडकीचा उजेड निम्म्याहून कमी होतो. मेमध्ये बारा दिवसांत येणारे पान जुलैत महिनाभर येत नाही. मासे मात्र तेवढेच खातात. त्यामुळे पावसाळ्यात नायट्रेट चढले तर झाड बिघडले असे समजू नका. जून ते सप्टेंबर दिव्यांचे तास वाढवा नाहीतर पाणी जास्त बदला. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच, कारण ही झाडे पाण्याला प्राणवायू देत नाहीत. त्यांची पाने तो हवेत सोडतात. मुळांचा दाट गुंता उलट पाण्याच्या पृष्ठभागाची हालचाल अडवतो.

पिवळी पाने वाचायची कशी

पाण्यात नायट्रेट ८० असताना नायट्रोजन कमी पडून पाने पिवळी पडणे शक्य नाही. माशांच्या खाद्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर येतात, पोटॅश आणि लोह कमी, आणि आपल्या मऊ पाण्यात मॅग्नेशियमही बेताचेच. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपत असतील तर पोटॅश. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. तेच चित्र नव्या पानांवर दिसले तर लोह. अधूनमधून एखादे सर्वांत जुने पान गळले तर काहीच नाही, ते वयाने गेले.

पोटॅशसाठी सल्फेट ऑफ पोटॅश, ज्यावर ०-०-५० लिहिलेले असते. तुमच्या टाकीला आठवड्याला एक ग्रॅम कपभर पाण्यात विरघळवून. त्याने लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळते. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट, तेही एक ग्रॅम, पण पंधरा दिवसांनी. लोह चिलेटेड स्वरूपातले, १२ टक्क्यांचे असेल तर ०.१ ग्रॅम पुरे. एवढे बारीक वजन होत नसेल तर एक ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले दहा मिलिलिटर घाला. खतांच्या दुकानात मागितले नसतानाही १९-१९-१९ किंवा १३-०-४५ हातात ठेवतात. पहिल्यात युरिया आणि अमोनियम असते, दुसरे तर पोटॅशियम नायट्रेटच. जे काढायचे तेच घालणे झाले. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे तयार मिश्रणही नको, त्यात तांबे असते.

छाटणी आणि वही

पिवळे पान टाकीत गळून कुजले की त्याने उचललेले सगळे पाण्यात परत आले. ते हाताने काढा. वेल दोन हात लांब झाला की चार-पाच पाने ठेवून बाकीचा कापा. नवे शेंडे फुटतात आणि वाढीचा वेग टिकतो. कापलेले स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. महिन्याला १२० ग्रॅमच्या पुढे भरले तर निम्मे काम झाडे करताहेत, ४० ग्रॅमच भरले तर पाणीच जास्त बदलावे लागेल. कापलेल्या फांद्या खतखड्ड्यात पूर्ण वाळवून टाका किंवा शेजाऱ्यांना द्या. व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी भिरकावू नका. हा वेल मूळचा पॅसिफिकमधल्या एका बेटावरचा, आणि आपल्या हवेत एका पेरापासून अख्खे झाड व्यापतो.

नायट्रेट दर आठवड्याला त्याच वारी, पाणी बदलण्यापूर्वी मोजा. पहिले तीन-चार आठवडे फांदी मुळे करण्यात गुंतलेली असते, आकड्यात फरक दिसणार नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत दिसायला हवा. समजा दोन महिन्यांनी आकडा वीसच्या खाली गेला, तरी पाणी बदलणे बंद करू नका. झाडांनी नायट्रेट उचलले म्हणून पाण्यात साचलेला बाकीचा मळ गेला असे होत नाही. हवेतली पाने पाणीही भरपूर पितात, आठवड्यात पातळी दोन-तीन बोटे उतरते. किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीचे पाणी नुसते वरून भरत राहिले तर मीठ साचत जाते.

माशांना औषध द्यायचे झाले, म्हणजे लिटरला तीन ग्रॅम मीठ, तांबे किंवा फॉर्मालिन, तर पट्टी फांद्यांसकट उचलून बादलीत ठेवा. औषधाचे पाणी बदलून झाल्यावरच परत.

चवथीला गावच्या घरी पाच-सहा दिवस जाणार असाल तर निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, पिवळी पाने काढा, मुळांना पंपापासून दूर करा आणि दिवे टायमरवर राहू द्या. खाद्य घालायला शेजाऱ्याला सांगू नका, तो प्रेमाने मूठभर घालतो. मोठे मासे तेवढे दिवस उपाशी सहज राहतात. गप्पींची पिल्ले असतील तर चिमूट चिमूट खाद्याच्या तीन कागदी पुड्या करून द्या, एक दिवसाआड एक, आणि डबा कपाटात कुलूप लावून ठेवा.